हाताला लागतं, कानाला नाही

पाच मजले चढून आल्यावर माणसाला दोनच गोष्टी हव्या असतात – घोटभर पाणी आणि भांडायला कुणीतरी. तिला पाणी जरा उशिरा मिळालं.

खाली लिफ्टच्या दाराला ‘बंद आहे’ असा पुठ्ठा लटकत होता. वर पाचव्या मजल्यावर त्याच लिफ्टचं दार सताड उघडं होतं आणि तिथे एक माणूस पालथा पडला होता. डोकं आणि हात आत अंधारात, पाय बाहेर, शेजारी हत्यारांची पेटी.

“अहो, जुने स्पीकर विकायला काढलेत ते घर कुठलं?” तिने पायांना विचारलं.

पाय ढिम्म.

“अहो...”

काही नाही. ती वळसा घालून पलीकडे गेली आणि तेच पुन्हा विचारलं, तसं डोकं लगेच बाहेर आलं. नाकाच्या शेंड्यावर ग्रीसचा ठिपका आणि डोळ्यांत हसू. तिने एका दृष्टिक्षेपात दोन्हीची नोंद घेतली आणि ग्रीसच्या ठिपक्याबद्दल काही बोलायचं नाही असं ठरवलं. बरा दिसत होता.

“समोरचंच घर. विकणाराही मीच. पाच मिनिटं थांबाल? ही रुसून बसलीय, हिची समजूत काढतोय.”

“लिफ्ट दुरुस्त करायचा छंद आहे का तुम्हाला?”

“पोटापाण्याचा धंदा आहे. अर्ध्या शहराच्या लिफ्ट मी बघतो.”

“आणि स्वतःच्या इमारतीतली बंद. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच वाटतं.”

“अंधार आहे म्हणून तर कुणीतरी बॅटरी धरायला हवंय,” तो म्हणाला आणि बॅटरी सरळ तिच्या हातात दिली.

पाच मजले चढून आलेल्या गिऱ्हाइकाला कामाला लावणारा विकणारा तिने आजवर पाहिला नव्हता. तिने बॅटरी धरली. त्याने आतल्या लोखंडी रुळावर तळहात टेकवला, डोळे मिटले, खालच्या कुणाला तरी बटण दाबायला सांगितलं आणि उजवा कान आत वळवून नुसता थांबून राहिला. कुठूनतरी घरघर आली. “सापडलं,” तो म्हणाला, आत वाकून काहीतरी आवळलं आणि दोन मिनिटांत लिफ्ट गुमान वर आली.

तिच्यासारख्या बाईला हे दृश्य आवडणं साहजिक होतं. ती एका कानाच्या दवाखान्यात श्रवण तपासायची. दिवसभर लोकांना काचेच्या खोलीत बसवायचं, त्यांच्या कानांत बारीक बारीक आवाज सोडायचे आणि कुणाला काय ऐकू येतं ते कागदावर मांडायचं. ऐकण्याचं सोंग करणारी माणसं तिने खूप पाहिली होती. इतक्या मन लावून ऐकणारा माणूस मात्र फार दिवसांनी दिसला होता.

स्पीकर बाहेरच्या खोलीत खिडकीच्या दोन बाजूंना उभे होते. कमरेएवढ्या लाकडी पेट्या, तिच्याहून वयाने मोठ्या. पुढे विटकरी कापड, खाली पितळी पट्टी. तिने बॅग खाली ठेवली आणि चेहरा शक्य तितका कंटाळलेला केला, कारण आतून तिला उडी मारावीशी वाटत होती. याच बनावटीची जोडी ती दोन वर्षं शोधत होती. कॉलेजात असताना एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांच्या दुकानात तिने अशी जोडी पहिल्यांदा ऐकली आणि त्या दिवसापासून बाकी सगळे स्पीकर तिला सर्दी झाल्यासारखे वाटायला लागले होते.

काकांनीच तिला जुना माल बघायला शिकवलं होतं. काकांचे दोन नियम होते. पहिला – घेणाऱ्याने दोष मोठ्याने बोलावा आणि गुण पोटात ठेवावा. दुसरा – का विकताय हे जरूर विचारावं आणि उत्तरावर विश्वास ठेवू नये.

“का विकताय?” तिने गुडघ्यावर बसत विचारलं.

“जागा अडते.”

खोलीत एक खुर्ची, एक टेबल आणि भिंतीला टेकवलेली सायकल होती. अजून चार स्पीकर मावले असते. तिने विश्वास ठेवला नाही.

मग तिने कामाला सुरुवात केली. पेटीवर टिचक्या मारून लाकूड कुठे सुटलंय का ते ऐकलं. पुढचं कापड काढून कागदी पडद्याची कड बोटाने चाचपली. जुन्या स्पीकरची कड बहुतेक वेळा हातातच चुरा होते, पण ही कापडी होती आणि शाबूत होती. दोन्ही हातांची बोटं सारखी पसरून तिने पडदा अलगद आत दाबला. आत कुठे घासल्याची खरखर आली नाही. पेन्सिल सेल काढून एकेका पेटीच्या मागे क्षणभर टेकवला, तर दोन्ही पडदे टुपकन सारखेच पुढे आले. मागचे क्रमांक पाहिले. एकापाठोपाठचे होते. सख्खी भावंडं.

“कोपरा पिचलाय,” ती मोठ्याने म्हणाली. “पॉलिश गेलंय. इथे कुणीतरी कप ठेवलेला दिसतोय.”

“मीच. पाचवीत असताना. त्याबद्दल मार खाऊन झालाय.”

तिला हसू आलं. ते तिने पेटीमागे लपवलं.

तो बोलताना सारखा तिच्या ओठांकडे बघत होता. आधी तिला वाटलं, आगाऊ आहे. पण ती डावीकडे सरकली की तो खुर्ची वळवत होता, आणि ती पाठमोरी बोलली की त्याचं उत्तर चुकत होतं. मग तिच्यातली दवाखान्यातली बाई जागी झाली.

“डावा कान कधी गेला?” तिने विचारलं.

तो दचकला. “लोकांना कळायला वर्ष लागतं.”

“मला कान बघायचाच पगार मिळतो.”

“सहा वर्षांचा होतो. गालगुंड झालं, ताप चढला, आणि ताप उतरताना डावा कान घेऊन गेला.” तो सहज बोलला, जुनी गोष्ट सांगावी तसा. “तोटा म्हणाल तर एकच. लोक एका कानाने ऐकतात आणि दुसऱ्याने सोडून देतात. मला सोडायला दुसरा कानच नाही. ऐकलं की आत राहतं.”

“मग तुमच्याशी जपून बोलायला हवं.”

“बोलत राहा म्हणजे झालं.”

आता तिला पेटीमागे लपायलाही जागा नव्हती. तिने बॅगेतून फोन काढला. “माझी एक कसोटी आहे. माझ्या आत्याचा आवाज मी रेकॉर्ड केलाय. तिला मी रोज समोर ऐकते, त्यामुळे खरा आवाज मला पाठ आहे. जो स्पीकर आत्याला गोड करतो, तो खोटं बोलतो.”

तिने टेबलावरच्या त्याच्या ॲम्प्लिफायरला फोन जोडला. खोलीत आत्या अवतरली – “ओला टॉवेल पलंगावर टाकणाऱ्या माणसाला मी माणूस म्हणत नाही. ऐकतेस ना? नाही ऐकत. तुझ्या बापाचंही हेच होतं...”

आणि ती चमकली. आत्याच्या आवाजात जीवच नव्हता. पातळ, पोकळ, आणि खोलीत नेमका कुठून येतोय ते कळत नव्हतं. आत्या एकाच वेळी सगळीकडे होती आणि कुठेच नव्हती. अशा स्थितीत आत्या आयुष्यात कधी सापडली नसती. तिने ढोलाचा एक तुकडा लावला. तोही तसाच, पोट खपाटीला गेलेला.

ती पेट्यांच्या मागे वाकली आणि बॅटरी मारली. वायर नवी होती. दोन्ही तारा काळ्या, एकीवर ओळखू येईल न येईल अशी पांढरी रेघ. डाव्या पेटीत रेघेची तार लाल खिट्टीला होती. उजव्या पेटीत काळीला. उलटी. म्हणजे एक पडदा पुढे यायचा तेव्हा दुसरा मागे जायचा. एकाने हवा लोटायची आणि दुसऱ्याने ती गिळायची. दोघंही बिचारे जीव तोडून काम करत होते आणि खर्ज जागच्या जागी विरत होता.

एका मिनिटाचं काम. स्पीकर निर्दोष होते.

“आवाज उतरलाय, मला माहितीय,” तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. “म्हणून तर इतक्या स्वस्तात देतोय. वायरही देऊन टाकतो, आठ महिन्यांपूर्वीच नवी टाकलीय.”

तिने तोंड उघडलं. काकांचा पहिला नियम आठवला. तोंड मिटलं.

“घेते,” ती म्हणाली.

दाराशी निघताना ती सहज बोलून गेली, “दवाखान्यात येऊन जा कधीतरी. उजवा कानही तपासून देते.”

त्याचा चेहरा दिवा मालवल्यासारखा झाला. “नको,” तो म्हणाला. “पुढच्या रविवारी स्पीकर घरी पोचवतो.” आणि त्याने तिच्यासाठी लिफ्टचं दार उघडून धरलं. लिफ्ट अगदी लोण्यासारखी खाली गेली. खाली पोचेपर्यंत ती मात्र त्या उलट्या तारेचाच विचार करत होती.

आठवडाभर त्यांचे निरोप चालू राहिले. स्पीकर कसे उचलायचे, जिना किती रुंद आहे असे कामाचे निरोप. बुधवारपर्यंत त्यांतलं काम संपलं आणि निरोप तसेच राहिले. ‘कानवाल्या बाई, आज एका लिफ्टमध्ये मांजर अडकलं होतं. सुटल्यावर माझ्याकडेच रागाने बघून गेलं.’ ‘लिफ्टवाले, आज एका आजोबांनी तपासणीचं बटण इतक्या जोरात दाबलं की तुटलं. ऐकू शून्य, ताकद पुरेपूर.’ ती आरशासमोर उभी राहून हे निरोप वाचत होती, आणि आत्या तिच्याकडे चष्म्यावरून बघत होती.

आत्याने जन्मभर शाळेत शिकवलं होतं, शेवटची दहा वर्षं मुख्याध्यापिका म्हणून. निवृत्तीनंतर तिच्या हाताखाली विद्यार्थी एकच उरली होती.

“स्पीकर येणार म्हणून नवा ड्रेस?” रविवारी सकाळी आत्याने विचारलं.

“जुनाच आहे.”

“किमतीची चिठ्ठी लोंबतेय मागे.”

तिने चिठ्ठी तोडली, तेवढ्यात घंटी वाजली. तीन मजले, लिफ्ट नाही, आणि तो एकेक पेटी पट्ट्याने पाठीला बांधून घेऊन आला होता. दुसरी पेटी ठेवल्यावर त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. आत्याने पाण्याचा तांब्याच त्याच्या हातात दिला.

“तुम्ही रेकॉर्डिंगमधल्या ना?” त्याने आत्याला नम्रपणे विचारलं. “मी टॉवेल दोरीवरच वाळत घालतो.”

आत्याने भाचीकडे पाहिलं. “हा मुलगा वळणाचा दिसतो,” ती म्हणाली, आणि इतक्या वर्षांत तिने कुणाला इतक्या झटपट पास केलं नव्हतं.

ठरल्याप्रमाणे त्याने आता जायला हवं होतं. मग तिने दार लावून, एका मिनिटात तार फिरवून, आपली दोन वर्षांची हौस एकटीने भागवली असती. पण त्याने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला.

“जोडूनच देतो. एकदा शेवटचं ऐकू?”

तिच्या ॲम्प्लिफायरपासून वायर ओढून तो पेट्यांमागे बसला. ती बघत राहिली. डावीकडे रेघेची तार लाल खिट्टीला. उजवीकडे काळीला. पुन्हा तीच चूक, तितक्याच काळजीने केलेली. आत्याचा तो पातळ आवाज खोलीत पसरला.

“ही कोण बाई?” आत्या म्हणाली. “फारच अशक्त दिसते.”

तो हसला नाही. उजव्या पेटीसमोर मांडी घालून बसला आणि लाकडावर तळहात टेकवला, लिफ्टच्या रुळावर टेकवला होता तसाच.

“बाबांनी शिकवलं हे,” तो म्हणाला. “डावा कान गेल्यावर मी रडायचो, मला अर्धंच ऐकू येणार म्हणून. तर त्यांनी माझा हात इथे ठेवला. म्हणाले, उरलेलं हाताने ऐक. पुढे धंद्यातही तेच कामाला आलं. मोटरला काय झालंय ते हात सांगतो, कान सांगतो, दोघांचं जुळलं की निदान पक्कं. आता जुळत नाही. ढोल हाताला लागतो, पण कानाला येत नाही. पेटी तर पहिल्याइतकीच हलतेय. मग दोष कुणाचा उरला?”

तो जागा अडते म्हणून विकत नव्हता.

“आठ महिने हे असं चाललंय. उजवाही चाललाय माझा. ज्याला उद्या घरघर ऐकू येणार नाही त्याने माणसांनी भरलेल्या लिफ्टची जबाबदारी घेऊ नये. उद्या अर्ज देतोय, टेबलावर बसायचं काम द्या म्हणून. हे दोघं घरात नसले म्हणजे रोज परीक्षा होणार नाही. बस, एवढंच. तुमच्याकडे नीट राहतील.”

हे तो लिफ्टचा बिघाड सांगावा इतक्या साधेपणाने बोलला.

तिला आता गप्प राहणं सोपं होतं आणि अशक्यही होतं. खरं सांगितलं तर हा माणूस आपले स्पीकर घेऊन जाणार होता, आणि ते योग्यच होतं. शिवाय तिने आठ दिवस काय लपवलं तेही उघडं पडणार होतं. दोन वर्षांची जोडी आणि एका आठवड्याची ओळख, दोन्ही एकाच वाक्यात जाणार होती. ती उठली, त्याच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि उजव्या पेटीमागे गुडघे टेकले.

“काय करताय?”

“हात तिथेच ठेवा.”

रेघेची तार काळीवरून सोडवली, लालला लावली. दुसरी काळीला. मग तिने ढोलाचा तुकडा लावला.

खर्ज असा आला की खिडकीतल्या काचा हलक्या थरथरल्या. तो खोलीभर भरला, जमिनीतून मांडीला लागला. त्याचा तळहात पेटीवर होता आणि उजवा कान ताठ झाला होता. तो हलला नाही. ढोल संपला आणि मागोमाग आत्या आली, थेट दोन पेट्यांच्या मधोमध, भिंतीसमोर पदर खोचून उभी असल्यासारखी – “ओला टॉवेल पलंगावर टाकणाऱ्या माणसाला...”

“आता ही मी,” आत्या समाधानाने म्हणाली.

“तार उलटी होती,” ती म्हणाली. “दोघं एकमेकांची हवा खात होते. पेटी हलते, म्हणून हाताला लागतं. कानापर्यंत पोचायच्या आत विरतं. स्पीकरही ठीक आहेत आणि... मला वाटतं तुमचा कानही ठीक आहे.”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो ते पुसायच्याही आधी बोलला, “तुम्हाला आत्ता कळलं?”

खोटं बोलायला अर्धा क्षण पुरला असता. तिने तो जाऊ दिला.

“पहिल्याच दिवशी कळलं. मला हे स्पीकर हवे होते. सांगितलं असतं तर तुम्ही विकले नसते, म्हणून बोलले नाही. तुम्ही कानाला दोष देत असाल हे माहीत नव्हतं, पण तेवढ्याने माझी चूक कमी होत नाही. मला माफ करा. स्पीकर घेऊन जा.”

तो उठला. पट्टा गुंडाळून खांद्यावर टाकला.

“विकलेली वस्तू मी परत नेत नाही,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. “आठ दिवस तुम्ही माझ्याशी मांजरांच्या गप्पा मारत होता. त्यात हे एक वाक्य सहज बसलं असतं.”

त्याची पावलं तीन मजले खाली गेली. ती एकेक ऐकत राहिली.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही तिने स्पीकर लावले नाहीत. सोमवारी सकाळी तिने निरोप पाठवला – ‘अर्ज देऊ नका. आधी कान तपासून घ्या, हवं तर दुसरीकडे. स्पीकर तुमचेच आहेत. मी राखण करतेय.’ उत्तर आलं नाही. मंगळवारी आत्याने पेट्यांवरची धूळ पुसली आणि भाचीकडे न बघता म्हणाली, “चूक केलीस. कबूल केलीस. आता तोंड पाडून बसलीस तर ती तिसरी गोष्ट होईल, आणि ती मला चालणार नाही.”

“मला तो आवडतो, आत्या.”

“ते मला चिठ्ठी लोंबत होती तेव्हाच समजलं. मला काय सांगतेस?”

बुधवारी दुपारी दवाखान्यात अकरा नंबर पुकारला गेला आणि दारातून तो आत आला. हातात रांगेचा कागद, इस्त्रीचा शर्ट, नाकावर आज काही नव्हतं.

“अर्ज खिशात आहे,” तो म्हणाला. “घरी परत आलो आणि दोन दिवस रस्त्यावरची प्रत्येक गाडी नीट ऐकून पाहिली. येतंय वाटतं ऐकू. पण वाटण्यावर लिफ्ट चालवत नाहीत. मला लेखी हवं.”

“दुसरीकडे जाता आलं असतं.”

“गेलो होतो. तिथली बाई माझ्याशी भांडली नाही. मग मजा वाटेना.”

तिला हसायचं होतं, पण आधी काम. तिने त्याला काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. “कितीही बारीक आवाज आला तरी दाबा. माझ्याकडे दिवा लागतो.” नियमाप्रमाणे खुर्ची तिरकी ठेवली, म्हणजे माणसाला तपासणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. जड दार बंद केलं. तिने यंत्राचे सगळे खटके पुन्हा एकदा तपासून घेतले. असं आजवर एकाही पेशंटच्या वेळी झालं नव्हतं.

उजवा कान. एक आवाज, दिवा. त्याहून हळू, दिवा. त्याहून हळू. ती खाली उतरत गेली, जिथे बहुतेक माणसं हात टेकतात तिथे पोचली, आणि दिवा लागला. अजून एक पायरी. पुन्हा दिवा. खर्जाचे आवाज, मधले, वरचे, सगळीकडे तेच. कागदावर एक सरळ सुरेख रेघ उमटली. तिने ती दोनदा तपासली, कारण या रेघेवर एका माणसाची झोप अवलंबून होती. मग तिने मान खाली घालून डोळे टिपले आणि मायक्रोफोनमध्ये म्हणाली, “तुमचा उजवा कान बारा वर्षांच्या पोराचा आहे. अर्ज फाडून टाका.”

आत त्याने डोळे मिटले. खांदे हळूच खाली आले. मग त्याने खिशातून कागद काढला आणि शांतपणे त्याचे चार तुकडे केले.

तपासणी इथे संपत होती. फक्त डावा कान राहिला होता, आणि त्याचं उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. रीत म्हणून तोही तपासायचा असतो. तिने खटका डावीकडे फिरवला, आवाज अगदी तळाला नेला. खटक्याकडे बघताना तिच्या मनात आलं – इथे बोललेलं कुणालाच ऐकू जात नाही. चार माणसांत ठणकावून बोलणारी ती, पण हे एक वाक्य रविवारपासून तिला बोलता येत नव्हतं. एकदा म्हणून तर बघावं, सराव म्हणून. तोंड मोकळं झालं की उजव्या कानात सांगता येईल.

“तुम्ही मला आवडता,” ती मायक्रोफोनमध्ये हलकेच म्हणाली. “खूप.”

दिवा लागला.

ती दिव्याकडे बघत राहिली. खटका डावीकडेच होता. आवाज तळाला. शास्त्राप्रमाणे हे अशक्य होतं. तिने मान वर केली.

तो तिरक्या खुर्चीत सरळ वळून बसला होता. काचेतून तिच्या ओठांकडे बघत होता, पहिल्या दिवशी बघत होता तसाच. कागद फाडताना कधीतरी वळला असावा. आणि तिने, रोज न चुकता फाइल तोंडासमोर धरणाऱ्या बाईने, आज फाइल टेबलावर ठेवली होती.

तिने खाडकन दार उघडलं. “ही लबाडी आहे. ओठ वाचायचे नसतात.”

“तार उलटी आहे हे लपवायचंही नसतं,” तो म्हणाला. “आता आपण फिटलो.” मग जरा अडखळला, लिफ्टपेक्षा ही समजूत अवघड असल्यासारखा. “पण एक अडचण आहे. आठ महिने मला हाताला लागायचं एक आणि ऐकू यायचं दुसरंच. आता नुसत्या दिसण्यावरही माझा विश्वास बसत नाही. दोन्ही जुळलं की निदान पक्कं. तर... उजव्या कानात सांगता का?”

“आणि स्पीकर?”

“ते जोडीनेच राहतील. कुणाच्या घरी, ते आत्याबाईंना विचारू.”

“ती तुम्हाला कधीच पास करून बसलीय.”

तिने दार पुन्हा लावलं. खुर्चीवर बसली, खटका उजवीकडे फिरवला. आवाज जितका खाली नेता येतो तितका नेला, जिथे फक्त बारा वर्षांच्या पोरांना ऐकू जातं. मग नियमाप्रमाणे फाइल उचलून तोंडासमोर धरली. त्यामागे तिचा चेहरा लालबुंद झाला होता, पण आवाज मुळीच कापला नाही.

“तू मला आवडतोस.”

दिवा लागला. ती वाट बघत राहिली, कारण बटण दाबून सोडायचं असतं, हे तिने त्याला दोनदा बजावलं होतं. बाहेर बारा नंबरवाले आजोबा खोकले. दिवा विझत नव्हता. तिने फाइल जरा खाली करून पाहिलं, तर तो डोळे मिटून बसला होता, आणि त्याचा अंगठा बटणावर तसाच दाबलेला होता.